व्हाउचर कुठाय?

नानांनी सगळी नोकरी हवाईदलाच्या भांडारात काढली. वैमानिकांविषयी त्यांना आदर आहे, पण तो ट्रकच्या मालकाला ड्रायव्हरविषयी असतो तेवढाच. विमान ही त्यांच्या लेखी लेजरमधली नोंद. ती आकाशात कशी दिसते, ही वैमानिकाची खासगी बाब.

२०१२ साली ब्रह्मदेशात गाडलेल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानांची बातमी आली आणि आमचा सकाळचा कट्टा पेटला. १९४५ मध्ये युद्ध संपताना ब्रिटिशांनी रंगूनजवळच्या मिंगलाडोन धावपट्टीशेजारी कोरी करकरीत विमानं, न जोडलेली, ग्रीस माखून, पेटीबंद करून पुरली म्हणे. लिंकनशायरचे डेव्हिड कंडल नावाचे शेतकरी कित्येक वर्षं त्यांच्या मागे होते. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमेरून ब्रह्मदेशी गेले तेव्हा त्यांनीही हा विषय काढला. सगळे हळहळत, हरखत होते. नानांनी फक्त विचारलं, "पुरली? कुठल्या व्हाउचरवर?"

आकडा आधी वीस होता, मग छत्तीस झाला, पुढे एकशे चाळीसवर गेला. "अहो, पुरलीत की पेरलीत?" नाना म्हणाले.

मग त्यांनी वहीच काढली. स्पिटफायरचा नुसता सांगाडा तीस फुटांच्या आसपास, म्हणजे पेटी त्याहून मोठी. अशा छत्तीस पेट्यांना खड्डा केवढा? खणायला यंत्रं कुठली? वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडणाऱ्या रंगुनात तो खड्डा कोरडा कसा राहिला? आणि एवढं लाकूड! युद्धातून नुकत्याच सुटलेल्या गावात अशी एक पेटी रिकामी झाली असती, तर तिच्या फळ्यांवरून चार युनिटांचे साहेब भांडले असते. "भांडारातला माणूस मोडकी बादली फेकतानासुद्धा तीन सह्या घेतो. इथं विमानं पुरली आणि एक कागद नाही?"

दुसऱ्याच्या हाती विमान पडू नये म्हणून पुरली असतील, असं कुणीतरी सुचवलं. नाना याचीच वाट पाहत होते. "कानपूरला काय केलं ब्रिटिशांनी? लिबरेटर बॉम्बफेकी विमानं उघड्यावर टाकली, तोडूनफोडून, इंजिनांत वाळू घालून. पुरत कोण बसतंय? आणि ती आपल्या एचएएलनं दुरुस्त केली, चाळीसेक! १९६८ पर्यंत उडाली." इथं नानांचा आवाज चढतो. त्या दुरुस्तीचे कागद आहेत ना.

पेट्या पुरताना पाहिल्याचं सांगणारा नव्वदी ओलांडलेला एक ब्रिटिश सैनिक होता. नानांनी त्याला खोटं म्हटलं नाही. "पेट्या पाहिल्या असतील हो. आत काय होतं ते पॅकिंग लिस्ट सांगते, डोळे नाही."

जानेवारी २०१३ मध्ये खोदकाम झालं. पैसे रणगाड्यांचे व्हिडिओ गेम बनवणाऱ्या वॉरगेमिंग कंपनीचे. उत्तरेकडे मिचिना इथं एक पेटी सापडली, तीत गढूळ पाणी. मिंगलाडोनला धावपट्टीजवळच्या केबलींनी अडवलं, आणि जिथं खणता आलं तिथं माती निघाली. अखेर अभिलेखागारातले कागद बोलले. रंगून बंदरात माल उतरवून घेणाऱ्या युनिटकडे १९४५–४६ मध्ये सगळी मिळून सदतीस विमानं आली, त्यांत स्पिटफायर एकही नाही, आणि बहुतेक परत बाहेर पाठवली गेली. विमानं नाहीतच, असं कंपनीनं फेब्रुवारीत जाहीर केलं. नाना त्या सदतिसाच्या आकड्यानं इतके गहिवरले की जणू तो लेजर त्यांनीच भरला होता.

कंडल मात्र हटले नाहीत. विमानं आहेतच, खणलं ते चुकीच्या जागी, हे त्यांचं म्हणणं. नानांना ते फार हास्यास्पद वाटलं. असा हेका धरणाऱ्या माणसाला भांडाराच्या दारातही उभा करू नये, म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी खोडी काढली. नानांच्या निवृत्तीआधीच्या शेवटच्या स्टॉक-टेकिंगला एक टॉर्क रेंच कमी भरला होता. चौकशी झाली, बोर्ड बसलं, रेंच हरवला म्हणून राइट-ऑफ झाला, खाली नानांचीच सही.

"हरवला कुठला!" नाना ताडकन उठले. "तिथंच आहे तो. तिसऱ्या रॅकच्या मागं. मूर्खांनी दुसऱ्याच रॅकमागं शोधला."