पारदर्शक टोपी

आमच्या गावातल्या दिव्यांनी अखेर टोप्या घातल्या.

रस्त्यावरचा असो, दुकानावरचा असो की सोसायटीच्या फाटकावरचा, घराबाहेरच्या प्रत्येक दिव्याला टोपी हवी असा नियम झाला आणि महिन्याभरात टोप्या आल्यासुद्धा. एक खड्डा बुजवायला आमच्याकडे तीन पावसाळे लागतात, तेव्हा हा वेग संशयास्पद होता. पण संशय मी गिळला. दिव्याने मान खाली घालून रस्त्याकडे बघावं, आभाळात डोकावू नये, एवढंच तर मागणं होतं. माळ्यावरची दुर्बीण काढून मी पुसूनही ठेवली.

टोप्या पारदर्शक निघाल्या.

पुन्हा सांगतो. उजेड वर जाऊ नये म्हणून बसवलेल्या टोप्या पारदर्शक प्लास्टिकच्या आहेत. लोणच्याच्या बरणीसारख्या. खाली दिवा, वर बरणी, बरणीतून आरपार उजेड. या सगळ्या व्यवस्थेत वर जाणाऱ्या उजेडाला अडवण्याचं काम मनापासून करतात ते फक्त आत शिरून मेलेले किडे.

वायरमनला विचारलं. शिडीवरून उतरायची तसदी न घेता तो म्हणाला, "काका, नियमात टोपी लिहिलीय. काळी का गोरी, ते कुठं लिहिलंय?" मग माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "आणि काळी बसवली की वर अंधार दिसतो. लोकांना वाटतं लाइट गेली."

मग कचेरी गाठली. साहेबांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "कारभार पारदर्शक ठेवायचा म्हणता, आणि टोपी अपारदर्शक मागता?" ते हसले नाहीत. मी हसलो, ते त्यांना आवडलं नाही. एक टोपी कितीला पडली, असं विचारलं तेव्हा मात्र पारदर्शकता तिथंच संपली. माहितीसाठी रीतसर अर्ज करा म्हणाले. टोपी नेमकी कुणाला घातली, दिव्याला की आम्हाला, हे त्या अर्जाच्या उत्तरात कळेल.

नियमाची प्रस्तावना मात्र वाचण्यासारखी आहे. पेंचचं जंगल जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं, तसं आपलंही नाव व्हावं, असं तीत लिहिलंय. तिकडे आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, त्यांची तोंडं जमिनीकडे वळवली. अमेरिकेतल्या फ्लॅगस्टाफने तर १९५८ सालीच जाहिरातीचे सर्चलाइट आभाळात फिरवायला बंदी घातली, कारण गावाला वेधशाळा होती आणि तिची किंमतही होती. आमच्या गावाला वेधशाळा नाही, मंगल कार्यालयं अकरा आहेत. म्हणून नियमाला जोडलेली अपवादांची यादी नियमापेक्षा लांब आहे: उत्सव, मिरवणुका, वाढदिवसांचे फलक, झाडांचं सुशोभीकरण आणि 'शुभकार्ये'. उरलं काय? माझा व्हरांडा.

त्यातल्या शुभकार्यांबद्दल थोडं सविस्तर. वैशाखात भाचीचं लग्न झालं. सप्तपदी आटोपली, रात्र झाली होती, आणि गुरुजी जोडप्याला अरुंधती दाखवायला लॉनवर घेऊन आले. अरुंधती म्हणजे सप्तर्षींच्या शेपटातल्या वसिष्ठाला चिकटून असलेली फिकट चांदणी, जेमतेम चौथ्या प्रतीची. ती एकदम दिसत नाही म्हणून तर आपल्याकडे अरुंधतीदर्शनन्याय आहे: आधी जवळचा ठळक तारा दाखवायचा, नजर तिथं ठरली की हळूच बारकीकडे न्यायची. गुरुजींनी उत्तरेला बोट केलं. तिथं आधी कार्यालयाचा हायमास्ट होता. त्याच्या वर गुलाबी अक्षरांत कार्यालयाचं नाव. त्याच्या वर डीजेवाल्याचा शार्पी आभाळ ढवळत होता, आणि त्याच्याही वर दुधात कालवलेल्या राखेसारखं काहीतरी होतं, तेच आमचं आकाश. गुरुजी ठळकाकडून ठळकाकडेच जात राहिले, बारीक काही येईचना. वसिष्ठही नव्हता, मग त्याची बायको कुठून असणार? शेवटी मोबाइल टॉवरच्या टोकावर एक लाल दिवा मिणमिणताना दिसला. "ती पाहा," गुरुजी म्हणाले. जावईबापूंनी हात जोडले. भाचीनेही जोडले. फोटोग्राफर म्हणाला, "ताई, परत एकदा, जरा वर बघून." दोघांनी टॉवरला पुन्हा नमस्कार केला. पातिव्रत्याची साक्ष आता टॉवरकडे आहे आणि त्याची रेंज आमच्या घरात येत नाही.

हे सगळं मी चेष्टेत घेतलं असतं. पण रंगाचं काय करायचं? पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते, म्हातारे आणि निरुपद्रवी. ते काढून पांढरेफेक एलईडी लावले, ६५०० केल्विनचे, ज्यांच्याखाली उभं राहिलं की धडधाकट माणूसही शवागारातून आल्यासारखा दिसतो. पांढऱ्या उजेडात निळा भाग जास्त, आणि निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. नियमात ३००० केल्विनच्या वर जाऊ नका असं स्वच्छ लिहिलंय. खरेदी मात्र नियमाच्या आधीच झाली होती, आणि बिल कमी येतं म्हणून एकाच्या जागी दोन दिवे लागलेही होते. बचत म्हणतात ती हीच. आणि कोणी हूं की चूं केलं की 'सुरक्षा' हा शब्द तोंडावर फेकायचा. सुरक्षा? बसस्टँडच्या मागचा बोळ एकदा चालून बघा. क्लासमधून सुटलेल्या मुली रोज रात्री तिथून मोबाइलचा टॉर्च लावून, तिघी-तिघी हात धरून जातात. दोन वर्षं अर्ज चाललेत त्या बोळातल्या एका दिव्यासाठी. चौकातल्या वडाला बुंध्यापासून पारंब्यांपर्यंत हिरव्या-निळ्या माळा गुंडाळायला पैसे आहेत, त्यापायी त्यावरची घुबडांची जोडी कुठं गेली कोणाला पत्ता नाही, पण बोळाला एक साधा दिवा? तरतूद नाही! परवा मुद्दाम जाऊन पाहिलं. बोळातल्या खांबावर दिवा नाहीच. टोपी आहे. खांब मोजून टोप्या बसवल्या, दिवे मोजून नाही.

त्या रात्री घरी आलो आणि गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा उभा कापला. आतून काळा रंग मारला, कडा मुडपल्या आणि व्हरांड्यातल्या दिव्यावर ठोकला. उजेड पायरीवर पडला, फक्त पायरीवर. शेजारच्या आजी कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या, "अरे, तुझ्याकडे तुळस दिसायला लागली."

चौथ्या दिवशी नोटीस आली. मंजूर नमुन्याव्यतिरिक्त टोपी बसवून परिसराचं विद्रूपीकरण केल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा, टोपीचा नमुना पारदर्शक असणं अपेक्षित आहे, वगैरे. बारीक टायपातली दोन पानं होती. रात्री साडेअकराला पलंगावर पडल्या पडल्या सगळी वाचून काढली. खोलीतला दिवा लावावा लागला नाही.