क तिथंच ठेवा

गडचिरोली जिल्ह्यात कॉम्प्युटर लावून देणाऱ्या माणसाला आधी भाषांची हजेरी घ्यावी लागते. सिरोंच्याकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, कोरचीकडे छत्तीसगढी, जंगलभर गोंडी आणि माडिया, आणि कचेरीत मराठी. मशीनला यातली एकही भाषा यावी लागत नाही. कोणतं बटण दाबलं की कोणतं अक्षर उमटायचं, एवढा तक्ता तिला दिला की ती खूश. तक्ता बदलला की तीच बटणं दुसरी भाषा लिहू लागतात. बटणावर छापलेल्या इंग्रजी अक्षराला कोणी विचारत नाही.

हट्ट करतात ती बोटं. चंद्रपूरच्या टायपिंग क्लासात रेमिंग्टनवर चाळीसचा वेग कमावलेला बाबू इनस्क्रिप्टचं नाव काढताच खुर्ची मागे सरकवतो. वास्तविक 1986च्या या सरकारी तक्त्यात शहाणपण आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, आणि देवनागरी असो, बंगाली असो की तेलुगू, क एकाच बटणावर. एक लिपी बसली की बाकीच्यांची अर्धी शिकवणी फुकट. आमच्या जिल्ह्यासाठीच कोणी बसून केलाय असं वाटावं. पण बाबू म्हणणार, ‘असंल जी बरोबर, पन माह्या बोटाईले कोन सांगंल?’ यावर आजवर कुठल्याही तज्ज्ञाला उत्तर सुचलेलं नाही. तरुण मंडळी दोन्हीकडे पाठ फिरवून मराठी इंग्रजी स्पेलिंगात बडवतात आणि मशीननं सुचवलेला शब्द बिनतक्रार घेतात.

अशात धानोऱ्याकडचे एक मास्तर लॅपटॉप घेऊन आले. त्यांना गोंडी हवी होती, तीही देवनागरीत नव्हे, मसराम लिपीत. देवनागरीत गोंडी लिहितातच, छापतातही, मग हा खटाटोप कशाला, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. मला तो प्रश्न जरा आगाऊ वाटतो. आपण मराठी मोडीऐवजी देवनागरीत का लिहितो, हे कोणी आपल्याला टायपिंग सुरू करण्यापूर्वी विचारत नाही. त्यात धानोरा तालुक्यातल्याच मोहगावच्या ग्रामसभेनं 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा काढलेली. शाळा म्हटली की पाठ आले, पाठ म्हटले की टायपिंग आलं.

ही लिपी बालाघाटच्या मुंशी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केली. युनिकोडमध्ये ती आली 2017 साली, म्हणजे शंभराला एक कमी. युनिकोडमध्ये येणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकणं. जागा धरली गेली, कंडक्टरनं मान्य केली, पण प्रवासी अजून खालीच. त्याला आत घ्यायचं तर फाँट हवा आणि कीबोर्ड हवा. फाँट गूगलच्या नोटो कुटुंबात फुकट मिळतो. कीबोर्ड आम्हीच करायला बसलो.

पडद्यावर रिकामी बटणं मांडून देणारं एक साधन असतं, त्यात एकेक अक्षर भरायचं. मी इनस्क्रिप्ट पुढे ठेवला. मास्तर म्हणाले, ‘बाकी काहीबी करा जी, पन क तिथंच ठेवा. बोट आपोआप जाते.’ क तिथंच राहिला आणि त्याच्यामागून वर्णमाला निमूट आपापल्या जागी बसली. अडलं ते पुढे. देवनागरीत क्ष लिहायला मशीन तीन गोष्टी मोजतं: क, हलन्त आणि ष. मसराम लिपीत क्ष, ज्ञ, त्र यांना स्वतःची स्वतंत्र जागा आहे. उलट आपला हलन्त एकटाच दोन कामं करतो, दिसतोही आणि अक्षरं जोडतोही. तिथे त्या दोन कामांना दोन वेगळी चिन्हं. रफारही स्वतंत्र. त्याला बसवायचं कुठे? मराठीत ‘सुऱ्या’ लिहायला जो ऱ लागतो, तो र च्या बटणावर शिफ्ट दाबून येतो. गोंडीला त्याचं काम नाही. रफार तिथे गेला. मास्तरांनी बोट फिरवून पाहिलं आणि हूं म्हणाले.

गंमत म्हणजे युनिकोडच्या पहिल्या 65,536 घरांत ही लिपी नाही, ती पलीकडच्या वस्तीत आहे. त्यामुळे विंडोज तिच्या साध्या अ लाही आतून दोन तुकड्यांत मोजतं, आणि आमचं साधन त्याला जोडाक्षर समजतं. भाषांच्या यादीत गोंडीचं नाव नव्हतं. 2011च्या जनगणनेत जवळजवळ तीस लाख लोकांनी सांगितलेली भाषा! शेवटी तक्ता मराठीच्या नावावर नोंदवला. सेटअप चालला, ‘यशस्वी’ म्हणाला, आणि कुठेच काही दिसेना. एकदा साइन आउट करून परत आत यावं लागतं, मग भाषांच्या यादीत जाऊन तक्ता जोडावा लागतो, मग विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून तो पुढे आणावा लागतो. मास्तरांनी ठसक्यात क दाबला. चौकोनी डबा उमटला. आणखी दाबलं, आणखी डबे. ‘काहून जी, सगळे सारखेच?’ फाँट त्यांच्या पेनड्राइव्हवरच राहिला होता. तो टाकल्यावर डब्यांची अक्षरं झाली आणि त्यात दोन रफार चुकीच्या जागी निघाले, तेही बोटानंच सापडले.

तेवढ्यात दुकानात बसलेल्या अहेरीच्या एका पोरानं विचारलं, ‘गुंजालाची लिपी नाई का?’ ती आदिलाबादकडची, हस्तलिखितांतून पुढे आलेली. 2018 पासून युनिकोडात तीही आहे. मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं रेमिंग्टनवाले इनस्क्रिप्टवाल्यांकडे पाहतात.

राहिले अंक. मसराम लिपीला स्वतःचे अंक आहेत, देखणे आहेत, आणि वरची अख्खी रांग त्यांना द्यावी असं माझं म्हणणं होतं. मास्तर बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ते शिफ्टच्या आड ठेवा. सभेच्या नोटिशीत खाली मोबाइल नंबर द्यावा लागते, अन् फोन तर आला पाहिजे ना जी.’