शेठजींच्या पोटावर पाय

नंदुरबार जिल्ह्याला पहिल्या नंबराचं अप्रूप राहिलेलं नाही. महाराष्ट्रात लोकसभेचा एक नंबरचा मतदारसंघ नंदुरबार, विधानसभेचा एक नंबरचा अक्कलकुवा. देशातलं पहिलं आधार कार्डही आमच्याच शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, 29 सप्टेंबर 2010 रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या हजेरीत. गरिबाला ओळख मिळाली की बँक आपोआप त्याच्या दारात येणार, असा तेव्हा बोलबाला होता. बँक निघालेली आहे म्हणतात. सातपुड्याचा घाट, वेळ लागणारच. कर्ज मात्र मोबाइलच्या ॲपवरून येऊन पोचलं. आधारचा फोटो काढा, चेहरा गोलात धरा, डोळे मिचकवा, पाच मिनिटांत पैसे खात्यात. धडगावकडच्या ज्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते, तिथला पोरगाही टेकडीवर उभा राहून कर्जदार होऊ शकतो.

या प्रगतीनं सगळ्यात जास्त कोण दुखावलं असेल, तर आमचे शेठ. त्यांचं नाव सांगत नाही, कारण दुकानावरची पाटी बी-बियाण्यांची आहे आणि खरा धंदा पाटीवर नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 प्रमाणे सावकारीला परवाना लागतो, आणि तो नसताना धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. व्याजही सरकारनं ठरवून दिलेलं : शेतकऱ्याला तारणावर सालाला 9 टक्के, विनातारण 12, इतरांना 15 आणि 18. हे आकडे शेठना वाचून दाखवले, तर लहान मुलाच्या बोबड्या बोलांकडे पाहावं तसे ते कौतुकानं हसले.

ॲपचा हिशेब ऐकल्यावर मात्र त्यांचं हसू मावळलं. मंजूर पाच हजार. प्रोसेसिंग फी, सेवा शुल्क आणि त्यावरचा कर आधीच कापून हातात तीन हजार. सातव्या दिवशी पाच हजार परत. शेठनी कॅल्क्युलेटरला हातही लावला नाही. "आठवड्याला सदुसष्ट टक्के," ते पुटपुटले, "म्हणजे सालाचे झाले साडेतीन हजार टक्के." मग बराच वेळ छताकडे बघून म्हणाले, "काय सांगू भो, आम्ही महिन्याला दहा टक्के लावले तर गाव पाठीमागे शिव्या घालतं. अन् याला पाच स्टार देतात!"

त्यांचं दुसरं दुःख कारागिराचं आहे. सावकारी ही शेठच्या मते अभ्यासाची गोष्ट. कुणाची मिरची पथारीवर वाळतेय, कुणाच्या मुलीचं जमलंय, कोण ऊसतोडीला गुजरातेत जाणार आणि उचल किती घेतली, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं. ॲपला यातलं काही लागत नाही. ते फक्त 'कॉन्टॅक्ट्सना परवानगी द्या' म्हणतं. शेठ जमीन आणि भांडी गहाण घेत. नव्या सावकाराकडे आख्खा गोतावळा गहाण पडतो.

आमच्या ओळखीच्या एकाचा हप्ता सहाव्याच दिवशी 'थकला', तेव्हा वसुलीवाल्यानं त्याच्या फोनमधली नावं वर्णानुक्रमे धरली. 'डीपी वायरमन' हे नाव व्याह्यांच्या आधी आलं. "तुमचा हा माणूस चोर आहे, आमचे पैसे बुडवतोय," असं हिंदीत ठणकावल्यावर वायरमन शांतपणे म्हणाला, "लाइनीत उभे राहा. त्याचं वीजबिल मार्चपासून थकलंय." वसुलीवाल्यानं फोन ठेवला. व्याही मात्र वायरमन नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं.

इथवर हसण्यासारखं आहे. यापुढे फोटो येतात. आधारवरचा किंवा गॅलरीतला चेहरा उचलून नागड्या धडावर चिकटवायचा आणि बहिणीपासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांना पाठवायचा. दोन-पाच हजारांपायी, आणि तेही फेडून झाल्यावर, महाराष्ट्रात माणसांनी जीव दिलेत.

रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाला 2021च्या पहिल्या दोन महिन्यांच्या पाहणीत सुमारे 1,100 कर्जाची ॲप सापडली. त्यातली 600 बेकायदा. पुढे गुगलनं हजारोंनी उपटली, पण गाजरगवत उपटून संपलंय का कधी? दुकानातून काढलं की व्हॉट्सॲपवर लिंक येते. सप्टेंबर 2022मध्ये रिझर्व्ह बँकेनं नियम केले : पैसे थेट कर्जदाराच्याच खात्यात, एकूण खर्चाचा वार्षिक दर आधी सांगायचा, आणि फोनबुक, गॅलरी, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. उत्तम नियम आहेत. परवाना असलेले ते पाळतात आणि नसलेले ते वाचतसुद्धा नाहीत. जुलै 2025पासून अधिकृत ॲपची यादीही संकेतस्थळावर आहे. पोराची फी उद्या भरायची असलेला बाप रात्री अकरा वाजता ती यादी चाळून मगच कर्ज घेईल, अशी दिल्ली-मुंबईची श्रद्धा आहे. वनपट्ट्यावर पीककर्ज मागायला गेल्यावर "साहेब मीटिंगला गेलेत" हे किती वेळा ऐकावं लागतं, याची यादी मात्र कोणत्याच संकेतस्थळावर नाही.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं बाहेर काढून जाळली आणि चार वर्षांत इंग्रजाला कायदा करावा लागला. त्यांची सोय होती. खतं गावातच होती. आता जाळायचं काय? मोबाइल? तोही हप्त्यावर घेतलेला.

परवा शेठ स्वतःच मला शोधत आले. कॉलेजात शिकणाऱ्या चिरंजीवांनी तीन हजार उचलले होते, आणि फोनमध्ये 'पप्पा' म्हणून सेव्ह असल्यामुळे शेठना सकाळपासून एकोणीस फोन आले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ओट्यावर उभं राहून आवाज चढवणारा माणूस, पण त्या दिवशी तो मोबाइल उशीखाली दाबून आला होता. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो.

हवालदार जाणता निघाला. आणखी एक रुपया भरू नका, भरला की आकडा वाढतो; धमक्यांचे स्क्रीनशॉट आणि पैसे भरल्याचे व्यवहार क्रमांक जपून ठेवा; 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा; ॲपच्या परवानग्या बंद करा; आणि फोटो यायच्या आत पोरालाच सगळ्या पाहुण्यांना सांगू द्या, आधी कळलं की त्या फोटोची किंमत राहत नाही. शेठ मान डोलावत होते. "पण साहेब, परवाना नाही, पावती नाही, व्याजाला धरबंध नाही," ते तळमळून म्हणाले, "कायदा म्हणून काही आहे की नाही?"

"आहे ना," हवालदारानं अर्ज पुढे ओढला. "तक्रारदाराचं नाव झालं, पत्ता झाला. व्यवसाय काय लिहू?"

शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"शेती लिहा," शेठ म्हणाले.