जिभाऊ इंजिन उतरवतात

सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात गुजरातीचा एक शब्द न बोलता माणसाचा जन्म निघू शकतो. न्हावी अमळनेरचा, किराणावाला दोंडाईचाचा, भटजी शहाद्याचे. जळगावहून उधन्याला येणाऱ्या रेल्वेनं पिढ्यान् पिढ्या अर्धा खानदेश इथे आणून उतरवला आहे. या अर्ध्या खानदेशात, दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की एक जिभाऊ भेटतातच. कागदोपत्री नाव काहीही असो, गल्ली त्यांना जिभाऊच म्हणते. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर. हयात लूमच्या कारखान्यात गेलेली. आधी कारागीर, मग मास्टर. दारात एक मारुती आठशे. आणि त्या मारुतीच्या पुढच्या भागात जिथे इंजिन असायला हवं, तिथून खालची फरशी दिसते.

जिभाऊंची कीर्ती २००६ सालची आहे. त्या ऑगस्टात उकाई धरणातून पाणी सुटलं आणि तापीनं जवळजवळ सगळी सुरत पोटात घेतली. त्या वेळी ते अडाजणला साडूकडे अडकले होते. पाणी ओसरल्यावर जो तो आपल्या गाडीत बसून चावी मारायला निघाला, तेव्हा गच्चीवरून एकच आवाज घुमला, "चावी मारू नका!" हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, हे त्यांनी चिखलात उभं राहून समजावलं. ज्यांनी ऐकलं त्यांचे प्लग काढून पाणी बाहेर काढलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांची इंजिनं त्यांनी पुढे उदाहरण म्हणून वापरली. तेव्हापासून गल्लीत कुणाचा मिक्सर जरी अडला तरी आधी जिभाऊंना विचारायचं, हा रिवाज पडला.

तर या जिभाऊंच्या मारुतीचा क्लच घसरू लागतो. गॅरेजवाला सांगतो, प्लेट बदलू. गिअरबॉक्स खाली घेतला की झालं, इंजिनाला हात लावायची गरज नाही. हे शेवटचं वाक्य जिभाऊंच्या जिव्हारी लागतं. "अर्धं काम आपले जमत नही, भो," म्हणून ते गाडी ढकलत घरी आणतात. गिअरबॉक्स काढायचाच आहे तर इंजिनही उतरवू, इंजिन उतरवलंच तर हेड उघडू, हेड उघडलंच तर बोअर बघू. गाडीचा आजार क्लचचा असतो; जिभाऊंचा मुळापासूनचा.

पुढचा प्रश्न इंजिन टांगायचं कशाला. सुरतेच्या घराला देव्हारा एक वेळ नसेल, पण झोका असतोच, आणि पोर्चच्या स्लॅबमध्ये त्याच्या कड्या घर बांधतानाच ओतलेल्या असतात. जिभाऊ झोका उतरवतात आणि कारखान्यातून मागून आणलेली चेन कुप्पी कडीला अडकवतात. गल्ली जमते. कडी वजन पेलेल का, यावर चर्चा सुरू होते. "माझे दोन्ही साडू एकदम बसतात या झोक्यावर," जिभाऊ पुरावा देतात. साडूंचा आकार सर्वांना माहीत असल्यामुळे गल्ली गप्प होते. फक्त एक हिशेबी शेजारी म्हणतो, "पण जिभाऊ, साडू चार कड्यांवर बसतात. इंजिन एकाच कडीवर बसणार." यावर जिभाऊ काही बोलत नाहीत, मात्र संध्याकाळी चारही कड्यांत आडवा लोखंडी पाइप घालून कुप्पी त्याच्या मधोमध येते. शेजाऱ्याचं नाव या कामाच्या इतिहासात कुठेही राहत नाही.

उतरवण्याचा सोहळा खरा पाहण्यासारखा. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार, मग पॉझिटिव्ह. हा क्रम ते पोरांकडून मोठ्यानं म्हणवून घेतात. मग बोनेटचे चार बोल्ट. मग इंजिन थंड असल्याची तळहातानं खात्री करून रेडिएटरचं पाणी सोडायचं. होज पाइप, एअर फिल्टर, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, क्लचची केबल, मीटरची केबल, पेट्रोलची नळी. गिअरबॉक्सचं ऑइल आधी काढल्याशिवाय एक्सल ओढायचे नाहीत, नाहीतर पोर्च धुवावा लागतो. गेल्या खेपेला वहिनींनी तो धुतला आहे. दहाचा, बाराचा, चौदाचा, सतराचा असे पाने ते न बघता हात मागे करून मागतात आणि पोरगा चुकीचा पाना देतो तेव्हा तोही न बघता ओळखतात. सायलेन्सरच्या गंजलेल्या बोल्टांपाशी काम अडतं. त्यांना रात्रभर डिझेल पाजायचं असतं, म्हणून पहिला रविवार तिथेच संपतो. निघालेले नट वहिनींच्या मसाल्याच्या डब्यात जातात: मोहरीच्या वाटीत दहाचे, जिऱ्याच्या वाटीत बाराचे.

दुसऱ्या रविवारी फाउंडेशनचे बोल्ट सुटतात, साखळी कडकडते आणि ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं ते इंजिन गिअरबॉक्सासकट हवेत येतं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आठशेच्या पहिल्या गिऱ्हाइकाला इंदिरा गांधींनी स्वतःच्या हातानं किल्ल्या दिल्या होत्या, त्याही कार्यक्रमाला जिभाऊंच्या पोर्चइतकी आपुलकीची गर्दी नसेल. कुणीतरी नारळ फोडतो. लोचो येतो, वर शेव आणि कांदा. सोसिओच्या बाटल्या येतात. गॅरेजवाल्याला दिले नाहीत ते पैसे या रविवारी खर्ची पडतात, आणि पुढच्या रविवारचे उधार राहतात.

इथून पुढे गर्दी पांगते. इंजिन काढायला गल्ली लागते. बसवायला जिभाऊ एकटे. आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण जिभाऊंच्या घरी ते कोर्टात गेलेल्या नवरा-बायकोसारखे वेगळे राहू लागतात: चेसिस पोर्चमध्ये, इंजिन मागच्या अंगणात तुळशीशेजारी, जुन्या साडीखाली. "कितला दिन लागतीन, जिभाऊ?" असं येणारा-जाणारा विचारतो. "एक रविवार," हे उत्तर आषाढातही असतं आणि श्रावणातही. वहिनींची तक्रार गाडीबद्दल नसतेच. "यांची मारुती बसेल तेव्हा बसो," त्या म्हणतात, "माझा झोका कधी बसणार?"

यामागचं खरं कारण समजायला जिभाऊंचा कारखाना पाहावा लागतो. लूमवर पाळी बारा तासांची आणि मजुरी मीटरवर. लूम थांबला की कापड थांबलं, कापड थांबलं की मजुरी थांबली. धोटा अडकला, ताण्याचा धागा तुटला, बीम संपला, की कारागीर ओरडतो आणि मास्टरला धावावं लागतं. पुढे धोट्याचे लूम जाऊन रॅपियर आले, वॉटरजेट आले. वेग वाढला तसा मास्टरचा श्वास कमी झाला. यंत्र उघडून आत नेमकं काय झालंय ते निवांत पाहावं, हात पुसत चहा प्यावा, पुन्हा पाहावं, एवढी सवड त्या खडखडाटात जिभाऊंना कुणी दिली नाही. तिथे त्यांनी कायम चालू यंत्र चालू ठेवलं. मारुती हे आयुष्यात आलेलं पहिलंच असं यंत्र, की बंद पडलं तरी शेटचा फोन येत नाही. मग ते सहा-सहा महिने बंद का राहू नये? जिभाऊ तुळशीपाशी स्टूल घेऊन बसतात, साडी बाजूला करतात, एक व्हॉल्व्ह हातात घेऊन उजेडात धरतात आणि परत ठेवतात. काम झालेलं नसतं. रविवार मात्र चांगला गेलेला असतो.

गाडी जोडली जाते ती खानदेशच्या देवीमुळे, कानबाईमुळे. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसायची, रोटाच्या प्रसादासाठी भाऊबंद उधन्याला उतरायचे; त्यांना आणायला गाडी हवी, आणि झोक्याशिवाय पाहुण्यांसमोर पोर्च उघडा पडतो. वहिनी मसाल्याचा डबा मागतात. त्या आठवड्यात दोन रात्री जागून जिभाऊ इंजिन बसवतात, आणि ते पहिल्या चावीत सुरू होतं, कारण कारागिरीत माणूस अस्सल आहे. गल्ली टाळ्या वाजवते. जिभाऊ मात्र कान देऊन उभे. "दुसऱ्या सिलिंडरले काहीतरी आवाज शे," ते पुटपुटतात, आणि वहिनी धावत जाऊन झोक्यावर बसतात.

यंदा समोरच्या इंजिनिअर पोरानं इलेक्ट्रिक गाडी आणली. जिभाऊंनी तिला दोन प्रदक्षिणा घातल्या, बोनेट उघडायला लावलं, खाली वाकून पाहिलं. ऑइल नाही, प्लग नाही, क्लच नाही, सायलेन्सरही नाही. त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत कळवळ्यानं विचारलं, "मंग रविवारले तू करस काय?"