दादाचा काका

सलूनवाल्याने मानेभोवती काळं कापड गुंडाळलं. पाच मिनिटांत त्यावर जो पांढरा ढीग पडला, तो माझ्याच डोक्यावरचा, हे मानायला मन तयार होईना.

"काका, कलर मारायचा का?"

गेल्या दिवाळीपर्यंत हाच मला दादा म्हणायचा.

आमची आत्या म्हणायची, पांढरा केस उपटू नये, एकाचे सात होतात. तसं काही नसतं. शेजारच्या केसाला त्याची खबरही लागत नाही. पण आत्या अगदीच चुकली नव्हती. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांचे केस पुन्हापुन्हा उपटले, म्हणजे दर खेपेला नवा केस उगवता उगवता ती मुळं लवकर म्हातारी व्हावीत. २०२३ साली त्यांनी जे छापलं ते वाचून मला थेट आमच्या चाळीतले अण्णा आठवले. केसाच्या मुळाशी रंगाच्या मूळ पेशी असतात, स्टेम सेल. त्या खाली उतरतात, रंगाच्या कामाला लागतात, पुन्हा वर येऊन मूळपदावर बसतात. वय झालं की वरच्या फुगवट्यातच अडकतात. अशा अडकलेल्या पेशींची मुळं त्या उंदरांत शंभरात पंधरा होती, केस उपटून उपटून ती निम्म्याच्या आसपास गेली. पेशी शाबूत, फक्त जिना उतरायचं नाव नाही. अण्णाही तिसऱ्या मजल्यावर ठणठणीत होते. गुडघे धरल्यावर मात्र दोरीला टोपली बांधून भाजी वर ओढून घ्यायचे, आणि मेथी जून निघाली की वरूनच ओरडायचे.

केस पांढरे झाले म्हणून कुणी दगावत नाही. रक्ताची गोष्ट वेगळी. तिथे हजारो मूळ पेशी राबत असतात. उतारवयात एखादीचाच गोतावळा माजतो आणि सगळं दुकान बळकावतो. त्यातून रक्ताच्या कर्करोगाचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. पण हॉलंडच्या हेंड्रिक्ये फान आंदेल-शिपर बाई २००५ साली ११५व्या वर्षी गेल्या, तेव्हा त्यांच्या बहुतेक पांढऱ्या पेशी दोनच मूळ पेशींच्या वंशातल्या निघाल्या. दोन म्हाताऱ्यांनी एवढं घर चालवलं!

"कलर नको," मी म्हणालो.

त्याने माझा कान दुमडला आणि आतले केस कापले. कापडावर पडले ते काळेभोर.