बर्फाच्या माणसाचे सोलापुरी वास्तव्य

चैत्र सरत येतो, सोलापुरातील पारा ४२ अंशांपाशी पोहोचतो, नळाला पाणी किती दिवसांआड येणार हा नगरातील सनातन प्रश्न नव्या जोमाने चर्चिला जाऊ लागतो, आणि नेमक्या त्याच मुहूर्तावर बालवर्गाच्या पालकांच्या मोबाइलवर एक चित्र अवतीर्ण होते: डोक्यावर टोपी, गळ्यात लोकरीचा मफलर आणि नाकाच्या जागी गाजर लावलेला बर्फाचा माणूस. खाली फर्मान असते की, सदरहू चित्राची प्रिंट काढून, ती पाल्याकडून रंगवून घेऊन, उद्या सकाळी न चुकता पाठवावी. ज्या गावात बर्फाची ओळख उसाच्या रसात पडणाऱ्या खड्यापुरतीच आहे, तेथील बालक त्या गृहस्थाकडे काही काळ आदराने पाहते आणि पांढरी पेन्सिल मागते. कागद मुळात पांढराच असताना आपण नक्की काय रंगवून घ्यावयाचे आहे, हा मूलगामी प्रश्न मात्र बापाला पडतो.

चित्र विनामूल्य असते, ही गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे. मूल्य सुरू होते ते त्यानंतर. ज्यांच्या घरी छपाईयंत्र आहे, त्यांचा असा समज असतो की चित्र केवळ काळ्या रेषांचे असल्यामुळे काळी शाई पुरेल. परंतु बहुतेक स्वस्त शाईयंत्रांचा कारभार जुन्या कचेरीच्या शिरस्त्याने चालतो. गुलाबी शाई संपली, तर काळ्या शाईचे काम अडवून धरण्याचा आपला अधिकार त्यांतील पुष्कळ यंत्रे निःसंकोच बजावतात. उन्हाळ्यात चार दिवस यंत्र बंद राहिले की शाईची सूक्ष्म छिद्रे वाळून बुजतात, आणि ती साफ करावयाची तर त्या साफसफाईतही शाईच खर्ची पडते. एवढ्या जाबजबाबानंतर जो कागद हाती येतो, त्यावर त्या पाहुण्याचा डावा हात नसतो. कारण त्याचा मूळ कागद अमेरिकी मापाचा, २१६ मिलिमीटर रुंदीचा, आणि आपला ए-फोर २१०चा. या सहा मिलिमीटरांच्या सरहद्दीवर अनेक परदेशी पाहुणे जायबंदी झाले आहेत.

ज्यांच्या घरी यंत्र नाही, आणि असे घर हाच सोलापूरचा सर्वसामान्य नियम आहे, त्यांनी झेरॉक्सच्या दुकानाचा रस्ता धरावा, अशी तजवीज आहे. पूर्व भागातील ज्या माउलीला हजार विड्या वळल्यावर मजुरी मिळते, तिला मुलाच्या बर्फाच्या माणसासाठी पानामागे रोकड मोजावी लागते. आणि त्या फुकट चित्रापायी आपल्या किती विड्या गेल्या, हा हिशेब तिला कोणत्याही शिक्षणतज्ज्ञापेक्षा चोख येतो. कागद अर्थातच ७५ जीएसएमचा. त्यावर जलरंगाचा ओला कुंचला फिरला की बर्फाच्या माणसाला तत्काळ सुरकुत्या पडतात, आणि सोलापुरी उन्हात त्याचे जे व्हावयाचे ते यथार्थपणे होते.

मूल एव्हाना झोपलेले असते. सबब रंगकाम आईबाप करतात, आणि त्यातही विलक्षण कसब दाखवितात. चित्र मुलानेच रंगविल्यासारखे दिसावे म्हणून दोन ठिकाणी रंग रेषेबाहेर नेण्याची दक्षता घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या त्याच दोन ठिकाणांवर लाल शाईने शेरा येतो: ‘काळजीपूर्वक रंगव.’ मग त्या कागदाचे छायाचित्र काढून ते पालकांच्या गटावर पुराव्यादाखल चढविले जाते. संगणकातून निघालेला पाहुणा अशा रीतीने पुन्हा संगणकात सुखरूप पोहोचतो. मधल्या प्रवासाचा खर्च तेवढा यजमानाकडे.

या उद्योगास इतिहासाचे अधिष्ठान नाही असे कोणी म्हणू नये. न्यूयॉर्कच्या मॅक्लॉफलिन बंधूंनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच मुलांना रंगविण्यासाठी रेखाचित्रांची पुस्तके छापून विकली. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षकाने १९४७ साली ग्रंथ लिहून असल्या आयत्या चित्रांवर कडक हरकत घेतली. आयती रेषा मिळाली की मुलाचा स्वतःच्या रेषेवरचा विश्वास उडतो, हे त्याचे म्हणणे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी त्याच सुमारास, १९४५ साली, बोर्डीला बालशिक्षणाचे काम मांडले आणि पाने, बिया, शंख, माती यांतून साधने उभी केली. पण त्या साधनांची पीडीएफ होत नाही, हा त्यांतील ढळढळीत दोष होय.

आश्चर्य एवढेच की हे सर्व सोलापुरात घडावे. जाकार्डने १८०४ साली फ्रान्सात सिद्ध केलेली छिद्रांच्या पत्त्यांची युक्ती ज्या गावाने आपल्या चादरीत मुरविली, त्या गावातील नक्षीकार वर्षानुवर्षे आलेखाच्या कागदावर चौकोनामागून चौकोन रंगवीत आला. पण तेथे मोराची रेषा आधी त्याच्या डोक्यात उमटे आणि रंग मागून येई. आता त्याच्या नातवाकडे रेषा आयती येते, आणि तीही ज्याला मोर ठाऊक नाही अशा मुलखातून. नान्नजच्या अभयारण्यातील माळढोक, सिद्धेश्वराच्या यात्रेतील नंदीध्वज, मंगळवेढ्याच्या ज्वारीचे कणीस यांपैकी एकालाही त्या पाहुण्याच्या रांगेत जागा मिळालेली नाही. वास्तविक परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला आणि २०२०चे जागतिक शिक्षक पारितोषिक माढा तालुक्यात आणले. येथून बाहेर काय जाऊ शकते, याचा हा निर्णायक दाखला; आणि बाहेरून आत काय येते, याचा दाखला तो एकहाती बर्फाचा माणूस.

आमच्या माहितीतील एका पालकसभेत एका निवृत्त मामलेदार आजोबांनी यावर उपाय सुचविला की, मुलांना सरळ कोरा कागद द्यावा आणि हवे ते काढू द्यावे. सूचना क्रांतिकारक होती. ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली, आणि प्रशासनाने अंमलबजावणीत कसूर केली नाही. त्याच आठवड्यात पालकांच्या मोबाइलवर कोऱ्या कागदाची पीडीएफ आली. भोवती निळी चौकट, माथ्यावर ‘मुक्त अभिव्यक्ती’ असा मथळा, कोपऱ्यात शाळेचे बोधचिन्ह, आणि तळाशी सूचना, की चौकटीबाहेर जाऊ नये. झेरॉक्सवाल्याने कागद उलटसुलट न्याहाळला, त्यात चित्र काही नाही याची खातरजमा केली, आणि चौकट निळी असल्याकारणाने कलरचा दर लावला.