मनाचं ब्रेकडाउन मेंटेनन्स : नवख्या ऑपरेटरसाठी सूचना

लागणारं साहित्य : एक मन (कसंही चालेल, कुरकुरणारं असल्यास उत्तम), एक स्मार्टफोन, आणि कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीने त्याच्या कॅमेऱ्यावर चिकटवलेला स्टिकर घरी गेल्यावर सोलून काढायला एक धड नख.

आधी यंत्राची माहिती. मन शांत करतो, सवय सोडवतो, झोप लावतो असं सांगणारी जी ॲपं आपण फोनमध्ये उतरवून घेतो, त्यांतल्या बऱ्याचशांच्या पोटात एकच इंजिन असतं. त्याला बोधात्मक वर्तन उपचारपद्धती म्हणतात. नावाला घाबरू नये. ज्याची जीभ शॉपवरच्या 'पोका-योके'ला वळली, तिला हे काही जड नाही. मूळ डिझाइन अमेरिकेतलं. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसनी १९५५ च्या सुमाराला त्याची एक आवृत्ती काढली, फिलाडेल्फियाच्या ॲरन बेकनी १९६० च्या दशकात दुसरी. दोघांचं ढोबळ म्हणणं एकच : घटना माणसाला जेवढी बिघडवत नाही, तेवढं घटनेबद्दल तो स्वतःशी जे बडबडतो ते बिघडवतं. मराठीत हे आणलं कि. मो. फडके यांनी, एलिसशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. डॉ. आनंद नाडकर्णींनी ते ठाण्याच्या आयपीएच संस्थेतून, पुस्तकांतून आणि व्याख्यानांतून लोकांपर्यंत नेलं. त्याला चार्जिंग लागत नव्हतं.

पायरी १. ए-बी-सी भरा. स्टोअरमधल्या मंडळींनी गोंधळू नये. हे महागाच्या आणि स्वस्तातल्या मालाचं एबीसी नव्हे. इथे 'ए' म्हणजे घडलेली गोष्ट, 'बी' म्हणजे तिच्याबद्दलची आपली समजूत, 'सी' म्हणजे परिणाम. नमुना : (ए) सकाळी शॉपवर साहेब समोरून गेले, बघितलंसुद्धा नाही. (बी) म्हणजे या महिन्यात आपल्याला ब्रेक देणार, घरी बसवणार. (सी) पोटात गोळा, आणि दोन पीस रिजेक्ट. आता ॲप विचारेल, 'बी'ला पुरावा काय? शांतपणे आठवा. ऑडिटच्या आठवड्यात साहेब कोणाकडेच बघत नाहीत. परवा तर त्यांनी स्वतःच्या मेहुण्याला ओळख दाखवली नाही. गोळा थोडा विरघळतो. खोटं सांगत नाही, खरंच विरघळतो. भोसरीतल्या एका वेंडर कंपनीच्या क्वालिटी खात्यात मी बरीच वर्षं काढली. मी स्वतः हे कागदावर करून पाहिलं आहे.

पायरी २. 'च' मोजा. एलिसचा सगळा राग इंग्रजीतल्या 'मस्ट'वर होता. आपल्याकडे तो शब्द सुटा सापडत नाही, दुसऱ्या शब्दांच्या शेपटीला चिकटून येतो. 'मला परमनंट व्हायलाच पाहिजे.' 'पोरगं पहिलंच आलं पाहिजे.' 'गावाकडच्यांनी मानच द्यायला हवा.' हा 'च' म्हणजे पीसच्या कडेला राहिलेला बर, त्याने पीस गेजमध्ये बसत नाही. घासला की वाक्य फिट होतं : 'परमनंट झालो तर फार बरं होईल, नाही झालो तर त्रास होईल, पण मी संपणार नाही.' ॲपचं मराठी बहुधा यंत्राने केलेलं असतं, त्याला हा 'च' दिसत नाही. ते तुम्हाला 'आपत्तीकरण टाळा' एवढंच सांगेल. त्याचा अर्थ राईचा पर्वत करू नका. आपल्या आजीने फुकट सांगितलं होतं.

पायरी ३. झोप. (थर्ड शिफ्टवाल्यांनी ही पायरी वगळावी. फर्स्ट आणि सेकंडवाल्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलत असेल तर त्यांनीही.) निद्रानाशावर ही पद्धत चांगली चालते, डॉक्टर मंडळी गोळ्यांच्या आधी तीच सुचवतात. नियम साधे आहेत. रोज एकाच वेळी उठा. गादी फक्त झोपण्यासाठी वापरा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जा. आता चाकणजवळच्या कुरुळीच्या एखाद्या खोलीचं चित्र डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहा, बीड-परभणीकडची पाच पोरं, तीन गाद्या. गादीवरच जेवण, गादीवरच पत्ते, आणि एक जण ड्युटीवर गेला की त्याच ऊबेत दुसरा आडवा. 'दुसरी खोली' म्हणजे दुसऱ्याची खोली. ॲप दुपारी दोनला निरोप पाठवतं : 'आज उन्हात फेरी मारलीत का?' फेरी मारून आलेला नाही भाऊ, रात्रपाळी मारून आलेला आहे.

पायरी ४. सवय मोडा. तंबाखू मळणाऱ्यांसाठी सरकारची सोय बरी आहे. २०१६ पासून ०११-२२९०१७०१ वर मिस कॉल दिला की सोडायला मदत करणारे मेसेज येतात, आणि १८००-११-२३५६ वर माणूस बोलतो. मिस कॉल ही आपल्याला अवगत असलेली कला आहे, त्यामुळे युक्ती मला फार आवडते. ॲपं मात्र तलफ आली त्या क्षणी नोंद करा म्हणतात. तलफ येते मशिनवर. फोन असतो लॉकरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत आठवून नोंद करायला गेलं की आधी तलफ आठवते, मग खिशातली पुडी.

पायरी ५. मूळ कारण शोधा. इथे नवखा माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा सावकाश.

आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात पोरगा आयटीआय करून लागला की महिन्याभरात 'फाइव्ह व्हाय' शिकतो. पीस खराब का? टूल झिजलं. का झिजलं? बदललं नाही. का? असं पाच वेळा खाली उतरायचं. आणि यात एक अलिखित नियम आहे : शेवटच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' लिहून कागद पाठवला तर कस्टमरचा क्वालिटीवाला तो तसाच परत फेकतो. ऑपरेटर चुकला तर चुकू का शकला, ते लिहा. फिक्श्चर असं का होतं की पार्ट उलटा बसला? सलग दुसरी पाळी का लावली? मी स्वतः असे कागद परत फेकलेले आहेत.

ॲपचा कागद मात्र दरवेळी 'ऑपरेटरची चूक' इथेच बंद होतो. वैताग आला? विचार तपासा. भीती वाटते? विचार तपासा. कामाचा करार सात महिन्यांचाच का, हा 'का' त्याच्या यादीत नाही. यात बिचाऱ्या एलिसचा दोष नाही. ते भावनेचा प्रश्न आणि व्यवहाराचा प्रश्न वेगळे ठेवत : आधी डोकं ताळ्यावर आणा, मग त्याच डोक्याने व्यवहाराला भिडा. ॲपमध्ये पहिला अर्धा भाग आलेला आहे. दुसऱ्यासाठी युनियनचा दरवाजा आहे, पण तिथे पाच तारे देण्याची सोय नाही.

पायरी ६. सोबती निवडा. बंगळुरूच्या वायसा ॲपमध्ये एक पेंग्विन बोलतो. स्वभावाने गरीब आहे. अमेरिकेत २०१७ साली वोबॉट नावाचा असाच एक बोलका यंत्रमानव आला. लाखो लोकांनी त्याच्यापाशी मन मोकळं केलं, आणि २०२५ च्या जूनअखेर कंपनीने ते ॲप बंद केलं. म्हणजे दिलासा देणाऱ्यालाच ब्रेक मिळाला. त्याने तेव्हा स्वतःचं ए-बी-सी भरलं का, कळायला मार्ग नाही.

थट्टा बाजूला ठेवून एक सूचना. बऱ्याच ॲपांत नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. नववा प्रश्न असतो जीव नकोसा वाटण्याबद्दलचा. त्याला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं, तर फोनमधलं ॲप बंद करून त्याच फोनवरून १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, फुकट, मराठीत. शेजारच्या गादीवरच्या पोराबद्दल शंका आली तरी लावा, आणि त्याला एकटं सोडू नका.

पायरी ७. सराव. यासाठी कंपनीच्या बसइतकी उत्तम जागा नाही. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडला की ॲप उघडा. चाकणला आंबेठाण चौक येईपर्यंत भरपूर वेळ मिळतो, बहुतेक वेळा शिफ्ट सुरू होईपर्यंत मिळतो. ॲप म्हणेल, दीर्घ श्वास घ्या. खिडकी उघडी असेल तर पुढच्या ट्रेलरचा धूर जाईपर्यंत थांबा.

मग विचार लिहा. मी लिहिला होता : 'आज पंच लेट होणार आणि अर्धा दिवस कापला जाणार.' बाजूने पुरावा : सात वाजायला पाच मिनिटं कमी, ड्रायव्हरने इंजिन बंद करून तंबाखू मळायला घेतलेली. विरुद्ध पुरावा : हा रकाना रिकामा ठेवला तर ॲप पुढे सरकत नाही. खिडकीतून वाकून पाहिलं आणि लिहिलं, 'पुढचा कंटेनर हलला.' ॲपने लगेच शाबासकी दिली, हिरवी टिकली, वर दोन फुगे.

कंटेनर यू-टर्न घेत होता.